‘आई, काही होणार नाही ना?’ या प्रश्नाला उत्तर न देण्याविषयी

प्रश्न एका आईचा आहे. थोडक्यात असा: मुलगा दहा वर्षांचा, पाचवीत. दीड वर्षापासून ओसीडी (ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर). सारखे हात धुतो, शाळेतून आलं की दप्तर आणि बूट पुसून घ्यायला लावतो, आणि दिवसातून चाळीस-पन्नास वेळा विचारतो, ‘आई, काही होणार नाही ना?’ वर्षभर समुपदेशन झालं, सहा महिने गोळी चालू आहे. थोडं बरं वाटतं, मग पहिले पाढे पंचावन्न. आजी म्हणतात, एवढ्या लहान पोराला गोळ्या कशाला. याहून चांगला उपचार असतो का?

ताई, असतो, आणि त्यासाठी परदेशात जावं लागत नाही. तुम्ही लिहिलेलं एक वाक्य मी दोनदा वाचलं: ‘तो विचारतो तेव्हा मी प्रत्येक वेळी शांतपणे समजावते, कधी चिडत नाही.’ मला जे सांगायचंय ते बहुतेक याच वाक्याभोवती आहे. लगेच स्वतःला दोष देत बसू नका. वीस वर्षांत माझ्याकडे आलेल्या जवळजवळ प्रत्येक घरात हे चाललेलं असतं, आणि माया जास्त असलेल्या घरात अंमळ जास्तच.

आपल्याकडे या आजाराला जुना शब्द आहे, मंत्रचळ. मनात एक नकोसा विचार येतो: हाताला काहीतरी लागलंय, आईला काहीतरी होईल. असे विचार तुम्हालाही येतात, मलाही येतात. गॅलरीत उभं असताना ‘आत्ता उडी मारली तर?’ असं मनात येऊन गेलेलं नाही असा माणूस विरळाच. आपण मान झटकतो आणि चहाला जातो. मंत्रचळ असलेलं मूल मात्र त्या विचाराला खरी सूचना समजतं आणि ती टाळायला काहीतरी करतं. धुतं, मोजतं, तपासतं, विचारतं. केलं की दोन मिनिटं हायसं वाटतं. आजार वाढतो तो त्या दोन मिनिटांच्या सुटकेवर. जुन्नरकडच्या एका शेतकरी वडिलांना हे मी दहा मिनिटं समजावत होतो, ते एका वाक्यात म्हणाले, ‘म्हणजे सावकाराचं व्याज. भरत राहायचं, मुद्दल तसंच.’ तेव्हापासून मी हीच उपमा वापरतो.

तुमच्या घरी हे व्याज दोघं भरताय, तो धुऊन आणि तुम्ही ‘काही नाही होणार रे’ म्हणून.

यावरचा उपचार म्हणजे व्याज थांबवणं. त्याचं नाव एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन, सगळे ईआरपी म्हणतात. ज्याची भीती वाटते त्याच्याजवळ ठरवून जायचं, आणि नंतर जी कृती करावीशी वाटते ती करायची नाही. 1966 साली लंडनमध्ये व्हिक्टर मेयर या मानसशास्त्रज्ञाने दोन रुग्णांवर असा उपचार करून ते प्रसिद्ध केलं, तिथून ही वाट सुरू झाली. त्याआधी हा आजार जवळजवळ असाध्य समजला जायचा.

मुलांसाठी काय चालतं याचा सगळ्यात जास्त उल्लेख होणारा अभ्यास अमेरिकेतला आहे, 2004 सालचा. 7 ते 17 वयाची 112 मुलं, चार गट, 12 आठवडे. थेरपी (तिचा गाभा ईआरपीच) आणि सरट्रालीन हे औषध दोन्ही मिळालेल्यांपैकी सुमारे 54 टक्के मुलं आजारातून जवळपास बाहेर आली. नुसत्या थेरपीने 39 टक्के, नुसत्या औषधाने 21, आणि औषध नसलेल्या, नुसत्या साखरेच्या गोळीने 4 टक्क्यांहून कमी. हे आकडे बहुतेकांना माहीत असतात. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो त्याच गटाचा 2011 सालचा पुढचा अभ्यास, कारण तो हुबेहूब तुमच्या मुलासारख्या मुलांवर होता: औषध चालू आहे, थोडा फरक आहे, पुरेसा नाही. अशा 124 मुलांचे तीन गट केले. एकात औषधच चालू ठेवलं. दुसऱ्यात औषधासोबत डॉक्टरांनी ईआरपी कशी करायची याच्या सूचना दिल्या, पण समोर बसून करून घेतली नाही. तिसऱ्यात औषध आणि पूर्ण थेरपी. चांगली सुधारणा झाली ती पहिल्या गटात 30 टक्के मुलांत, दुसऱ्यात 34 आणि तिसऱ्यात जवळपास 69.

तो मधला आकडा बघा. ‘घरी जाऊन हे करा’ असं नुसतं सांगितल्याने काहीही न सांगितल्याइतकाच फरक पडला. आपल्याकडे ‘समुपदेशन’ या नावाखाली मुलांना मिळतं ते बहुतेक वेळा हे मधल्या गटातलं असतं, किंवा त्याहूनही कमी. तासभर बोलणं होतं, चित्रं काढली जातात, श्वासाचे व्यायाम होतात, मूल खूश असतं, समुपदेशक चांगल्याच असतात. पण त्या खोलीत मुलाने भीती वाटेल अशा एकाही वस्तूला हात लावलेला नसतो.

मी स्वतःही हेच केलंय. सुरुवातीच्या काळात मी मुलांच्या मनगटाला रबरबँड बांधायचो. वाईट विचार आला की रबर ताणून सोडायचं आणि मनात ‘थांब’ म्हणायचं. एक सातवीतला मुलगा दोन आठवड्यांनी आला तेव्हा मनगटावर लाल वळ होते. रबर बरोबर तीन वेळा ओढलं नाही तर विचार जात नाही, असा त्याचा नियम झाला होता. म्हणजे मी त्याला एक नवीन विधी शिकवून पाठवलं होतं, तेही फी घेऊन. ते रबरबँड मी त्या दिवशी बंद केले. शिथिलीकरण, म्हणजे श्वासाचे आणि अंग सैल सोडण्याचे व्यायाम, मी अजून शिकवतो, परीक्षेच्या ताणाला, झोपेला. मंत्रचळावरचा उपचार म्हणून नाही. पाच ते आठ वर्षांच्या 127 मुलांवर 2014 मध्ये हीच तुलना झाली. कुटुंबाला सोबत घेऊन केलेल्या ईआरपीने 72 टक्के मुलं सुधारली, कुटुंबासोबतच शिकवलेल्या शिथिलीकरणाने 41. इतक्या लहान मुलांना हे जमत नाही, ही समजूतही त्या अभ्यासाने मोडीत काढली.

मग खोलीत नेमकं काय व्हायला हवं? एक उदाहरण सांगतो, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. नऊ वर्षांची मुलगी, मराठी माध्यम. अक्षर ‘बरोबर’ आलं नाही की खोडायची, पुन्हा लिहायची, पुन्हा खोडायची. खोडरबराने वहीला भोकं पडली होती. सगळ्यात वैरी अक्षर होतं ‘ळ’. दोन्ही गाठी सारख्या आल्या पाहिजेत, नाहीतर पोटात ‘कसंतरी’ होतं. काय होईल ते तिला सांगता यायचं नाही. पुष्कळ मुलांना नाही सांगता येत. त्यांना परिणामाची भीती नसते, नुसतं ‘अपुरं’ वाटतं. आधी आम्ही आजाराला नाव ठेवलं. तिनेच ठेवलं: खोडकाका. मग भीतीचा ताप मोजायला 0 ते 10 चा थर्मामीटर काढला आणि कुठल्या गोष्टीला किती ताप चढतो याची यादी केली. ‘क’ थोडा वाकडा: 2. ‘ळ’ची एक गाठ मोठी: 6. मराठीच्या वहीत, बाईंना दाखवायच्या पानावर, पेनने लिहिलेला वाकडा ‘ळ’: 9.

तिसऱ्या सत्रात ‘बाळ’, ‘काळा’, ‘सकाळ’ असे शब्द आम्ही मुद्दाम वेडेवाकडे लिहिले. मीही लिहिले, तिच्या आईनेही. खोडरबर माझ्या खिशात. सातव्या मिनिटाला तिचा ताप 8 होता, डोळ्यांत पाणी, बोटं पानावर घासत होती. मी ‘काही होत नाही’ म्हटलं नाही. विचारलं, ‘खोडकाका काय म्हणतोय?’ ती म्हणाली, ‘खोड म्हणतोय.’ ‘मग?’ तिने आणखी एक वाकडा ‘ळ’ लिहिला, आधीच्यापेक्षा वाकडा, आणि हुंदका देत हसली. वीस मिनिटांनी ताप 5 वर. तो शून्यावर यायला हवा असा आग्रह मी पूर्वी धरायचो, आता धरत नाही. ‘कसंतरी वाटत असतानाही पान उलटता येतं’ हे शिकणं जास्त उपयोगाचं, असं आता या क्षेत्रातले बरेच लोक मानतात आणि माझाही अनुभव तसाच आहे. भीती कमी झाली का, यापेक्षा ‘तुला वाटलं होतं तसं झालं का?’ हे मी जास्त विचारतो.

तुमच्या मुलाच्या बाबतीत हे बुटांच्या रॅकपाशी व्हायला हवं. बुटाला हात लावायचा, तोच हात दप्तराला, मग उशीला, आणि शेवटी हात न धुता शेंगदाण्याची चिक्की खायची. एका दिवसात नाही, पायरीपायरीने. दवाखान्यात अशी जागा नसेल तर जिना आहे, लिफ्टचं बटण आहे, पार्किंग आहे. व्हिडिओ कॉलवर तर हे कधीकधी जास्त चांगलं होतं, कारण खरा रॅक आणि खरं बेसिन समोर असतं.

आता घराकडे येतो. आजारासाठी घरच्यांनी केलेल्या तडजोडींवर गेली तीसेक वर्षं भरपूर अभ्यास झालाय. त्या जितक्या जास्त, तितका मुलाचा आजार सहसा तीव्र असतो आणि उपचार कमी लागू पडतात. तुम्ही दप्तर पुसता, वडील बाहेरूनच बूट काढून पिशवीत घालतात, बहीण भावाच्या टॉवेलला हात लावत नाही. येल विद्यापीठात एली लेबोविट्झ यांनी तर असा उपचार तयार केलाय की ज्यात फक्त आईवडिलांना भेटतात, मुलाला नाहीच. चिंतेचे आजार असलेल्या मुलांत तो मुलांच्या थेरपीच्या तोडीचा ठरला. ओसीडीत मी तो एकटा वापरत नाही, पण मूल सत्राला यायलाच तयार नसेल तेव्हा तिथूनच सुरुवात करतो.

‘उत्तर देऊ नका’ म्हणणं सोपं आहे. मूल रडतंय, रात्रीचे अकरा वाजलेत, सकाळी डबा करायचाय, आणि एका ‘नाही रे’ने सगळं शांत होणार आहे. तेव्हा उत्तर एकदम बंद करू नका. सांगून, ठरवून, कमी करा. मी चिंचोके वापरतो. सकाळी मुलाला वीस चिंचोके द्यायचे. प्रत्येक ‘काही होणार नाही ना?’ला उत्तर हवं असेल तर एक चिंचोका आईच्या वाटीत. संपले की उत्तर नाही. रात्री उरतील त्यांचा हिशेब त्याने निवडलेल्या गोष्टीत: वीस साठले की बाबांसोबत क्रिकेट, पन्नास झाले की मिसळ. चार-पाच दिवसांनी वीसाचे पंधरा. मुलं चिंचोके राखायला लागतात आणि तिथेच ‘विचारू की नको’ असा एक क्षण थांबणं सुरू होतं. हा थांबलेला क्षण आपल्याला हवा असतो.

चिंचोके संपल्यावर काय बोलायचं, तेही ठरवून ठेवा, नाहीतर तोंडातून सवयीने उत्तर निघतं. ‘तुला खूप भीती वाटतेय, मला कळतंय. तू ती निभावशील, हेही मला माहितेय.’ एवढंच. पहिला आठवडा वाईट जाईल. आदळआपट होईल, ‘तू माझी आई नाहीस’ हे ऐकावं लागेल. त्या आठवड्यात थेरपिस्टने तुम्हाला फोनवर उपलब्ध असायला हवं. आणि घरातल्या सगळ्यांनी एकच भाषा बोलायला हवी. आईने नाही म्हणायचं आणि बाबांनी स्वयंपाकघराच्या दारात हळूच ‘नाही होणार बाळा’ म्हणायचं, असं झालं की आठवडा वाया. अलीकडे एक नवीन वाट दिसते. मोठी मुलं घरी विचारणं बंद करतात आणि तेच मोबाइलला विचारतात. तो कधी कंटाळत नाही, चिडत नाही. हिशेबात तोही धरा.

आजींबद्दल. पुष्कळ घरांत सोवळं-ओवळं असतं आणि मग वाद होतो की हा आजार की संस्कार. मी आजींनाच विचारतो, ‘तुमचं सोवळं पूजा झाली की संपतं ना?’ त्या म्हणतात, ‘हो, मग जेवायला बसायचं.’ मंत्रचळाचं संपत नाही. सोवळ्याने मन निवतं, याने पोळतं. हे आजींना कुठल्याही पुस्तकापेक्षा लवकर कळतं आणि एकदा कळलं की त्यांच्यासारखा सहकारी नाही. एका आजींनी स्वतः नातवाच्या हाताला बूट लावून त्याच हाताने दिलेला लाडू खाल्ला होता. माझ्या दहा सत्रांचं काम झालं.

देवाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट, जी पालकांच्या नजरेतून हमखास सुटते. बाराएक वर्षांचा मुलगा अचानक खूप देवभक्त होतो, सारखा पुटपुटतो, अथर्वशीर्ष मध्येच थांबून पहिल्यापासून म्हणतो. घरी कौतुक. प्रत्यक्षात गणपतीसमोर उभं राहिलं की त्याच्या मनात शिवी येते, आणि ती ‘पुसायला’ तो स्तोत्र म्हणत असतो. काहींच्या मनात धाकट्या बहिणीला इजा करण्याची चित्रं येतात, काहींच्या मनात लैंगिक. ही मुलं लाजेने मरत असतात आणि कुणाला सांगत नाहीत. असे विचार येणं म्हणजे ते करावंसं वाटणं नव्हे. उलट, जे सगळ्यात नकोसं तेच हा आजार पकडतो. तुमच्या मुलाचा ‘काही होणार नाही ना’मधला ‘काही’ म्हणजे नेमकं काय, हे कुणी त्याला विचारलंय का? न दचकता विचारायला हवं. मी स्वतःच चार-पाच उदाहरणं सांगतो, ‘काही मुलांना असंही येतं’ म्हणून. मग मान हलते.

गोळ्यांविषयी. मी मानसशास्त्रज्ञ आहे, औषध लिहीत नाही, पण बालमानसोपचारतज्ज्ञांसोबत रोज काम करतो. सौम्य आजारात थेरपीनेच सुरुवात करावी. मध्यम-तीव्र असेल, थेरपी मिळत नसेल किंवा मूल भीतीमुळे थेरपी करूच शकत नसेल तर औषधाला आडकाठी करू नये. सरट्रालीन अमेरिकेत सहाव्या वर्षापासून ओसीडीसाठी मान्य आहे, फ्लुओक्सेटिन सातव्या, फ्लुवोक्सामिन आठव्या वर्षापासून. या गोळ्यांनी व्यसन लागत नाही, पण मनाने एकदम बंदही करायच्या नाहीत. गफलत दोन ठिकाणी होते. एक, दोन-तीन आठवड्यांत ‘उपयोग नाही’ म्हणून सोडणं. ओसीडीत पुरेशा डोसवर आठ ते बारा आठवडे वाट पाहावी लागते. दोन, सुरुवातीच्या छोट्या डोसवरच वर्षभर राहणं. तुमच्या मुलाचा डोस सहा महिन्यांत वाढवला का, हे डॉक्टरांना सरळ विचारा. आणि सुरुवातीच्या आठवड्यांत किंवा डोस बदलल्यावर मूल फार अस्वस्थ, चिडखोर झालं, झोप उडाली, मरणाचं बोलू लागलं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच कळवायचं. या औषधांवर 2004 पासून अमेरिकेत तसा ठळक इशारा छापला जातो. आजींची काळजी अगदीच अनाठायी नाही, पण तिचं उत्तर लक्ष ठेवणं हे आहे.

आणखी एक विचारा: त्याचा स्कोअर किती? मुलांसाठी सीवाय-बॉक्स नावाची मोजपट्टी आहे, 0 ते 40. साधारण 16च्या पुढे मध्यम, 24च्या पुढे तीव्र. दीड वर्षात ती एकदाही भरली गेली नसेल तर ‘थोडं बरं वाटतं’ याचा अर्थ कुणालाच माहीत नाही. मी सुरुवातीला आणि मग दर चार-पाच सत्रांनी भरतो. आकडा हलत नसेल तर काहीतरी बदलायचं. सोडायचं मात्र नाही. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्कमधल्या एका मोठ्या अभ्यासात 14 सत्रांनी पुरेसा फरक न पडलेल्या मुलांपैकी काहींची थेरपी तशीच पुढे चालू ठेवली, काहींना औषध दिलं. दोन्हीकडे निम्म्याच्या आसपास मुलं नंतर सुधारली.

शाळेत वर्गशिक्षकांना सांगा, सगळ्या शाळेला नको. सांगताना एकच मागा: बाथरूमला जाण्यावर सरसकट बंदी नको आणि मोकळीकही नको, ठरलेली संख्या थेरपिस्ट कळवेल.

नवा थेरपिस्ट शोधताना पदव्यांच्या पाटीपेक्षा तीन प्रश्न कामाला येतात. तुम्ही ईआरपी करता का? सत्रात स्वतः करून घेता की घरी करायला सांगता? आईवडिलांसाठी किती वेळ ठेवता? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर गोलगोल आलं तर पुढचं नाव बघा. बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत ओसीडीचं स्वतंत्र क्लिनिक आहे. गावाकडे कुणीच नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं, मोफत आहे. तिथे पूर्ण ईआरपी होणार नाही, पण कुठे जायचं ते कळेल. ऑनलाइन थेरपीला दुय्यम समजू नका. स्वीडनमध्ये 152 मुलांवर झालेल्या अभ्यासात आधी इंटरनेटवरून थेरपी आणि गरज पडली तरच प्रत्यक्ष, अशी पद्धत थेट प्रत्यक्ष थेरपीपेक्षा कमी ठरली नाही.

पहिल्या भेटीला दोघंही या. बाबांनी गाडी लावायच्या निमित्ताने खाली थांबू नये. चिंचोक्यांचं गणित त्यांनाही शिकायचंय.